गोडाची तृष्णा आणि मात्रेचे भान

(वर्षावासानिमित्त नांदेड व लातूर येथील उपासक-उपासिका आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही आपणापुढे एक लहानसा, काहींना क्षुल्लकही वाटेल असा विषय मांडणार आहोत. विषय आहे गोड खाण्याच्या ओढीचा आणि तिला आवर कसा घालावा याचा. वर्षावासात तृष्णेवर पुष्कळ प्रवचने होतात. तृष्णा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सत्ता येते, पैसा येतो, दारूची बाटली येते. चहाच्या कपातली साखर काही येत नाही. वस्तुतः ज्या तृष्णेशी आपली दिवसातून पाच-सहा वेळा गाठ पडते, ती हीच.

धम्माच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वस्त्यांतून फिरले की उत्तर मिळते. नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीतला माणूस पंचेचाळिशी-पन्नाशीत तपासणीचे कागद घेऊन येतो आणि म्हणतो, ‘मला शुगर निघाली.’ तिकडे दुर्लक्ष झाले की पुढे डोळ्यांचे दुखणे, पायाची न भरणारी जखम, मूत्रपिंडाचे दुखणे मागे लागू शकते. त्या एका माणसावर गावाकडचे आई-वडील असतात, धाकट्या भावाचे शिक्षण असते, घराचे हप्ते असतात. तो खाली बसला की दोन पिढ्यांची कमाई दवाखान्यात जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मधुमेह केवळ साखर खाल्ल्याने होतो, ही समजूत बरोबर नाही. आई-वडिलांकडून येणारी प्रवृत्ती, पोटाचा वाढलेला घेर, बैठे काम, अपुरी झोप अशी अनेक कारणे त्यामागे असतात. परंतु साखर वजनात भर घालते, आणि एकदा आजार जडला की जिभेवरचा ताबा हा औषधोपचाराचाच एक भाग होऊन बसतो.

आता थोडा हिशेब करू. कचेरीत काम करणारा आपलाच एक बांधव घ्या. सकाळी घरी दोन कप चहा, कचेरीत दोन, संध्याकाळी चौकात मित्रांबरोबर एक. कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे झाले. चमचा सुमारे पाच ग्रॅमचा, म्हणजे पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर, तसेच मधातली आणि रसातली साखर यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. ती पाच टक्क्यांखाली आणली तर अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांचा आहार असेल तर दहा टक्के म्हणजे पन्नास ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. या बांधवाची मर्यादा नुसत्या चहातच संपली! आणि हाच माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, ‘मी गोड खातच नाही.’

आमच्या मते आपल्या समाजातली गोडाची ओढ ही नुसती जिभेची ओढ नाही. तिच्यामागे इतिहास आहे. गावकीची कामे करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी सणाचे गोड शिजत नसे. ते दुसऱ्याच्या दारातून, पंगती उठल्यावर, शिळे होऊन येई. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कामांवर सुकडी वाटली गेली. खडी फोडणाऱ्या आईने पदरात बांधून आणलेली ती सुकडी त्या वेळच्या पोरांना मिठाईसारखी लागली, हे आज साठी-पासष्टी ओलांडलेले आपले लोक सांगतात. खेड्यातल्या हॉटेलात आपल्यासाठी कप वेगळा असे, तो स्वतःच विसळून ठेवावा लागे, हेही याच सभागृहातल्या अनेकांनी पाहिलेले आहे. अशा माणसाच्या घरी आज साखरेचा डबा भरलेला असतो आणि तो आल्यागेल्याला गोड चहा पाजतो, तेव्हा तो नुसता चहा नसतो. पाहुणा ‘नको’ म्हणाला की यजमानाच्या चेहऱ्यावर जी छाया येते, तिच्यात एक जुना प्रश्न असतो: आमच्या घरचे चालत नाही काय? हा प्रश्न समजून न घेता जे डॉक्टर किंवा व्याख्याते ‘साखर सोडा’ एवढेच सांगून मोकळे होतात, त्यांचे सांगणे आपल्या घरात टिकत नाही, यात नवल नाही.

अन्न सोडण्याचा अनुभव आपल्याला नाही, असे मात्र मुळीच नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्यास सांगितले. पोट रिकामे असताना, दुसरे काही ताटात पडण्याची खात्री नसताना लोकांनी ते सोडले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तरी ही हाक इकडेही आली. १९४१ साली बाबासाहेब कसबे तडवळ्याच्या वतनदार परिषदेला आले, ते गाव लातूरपासून काही फार दूर नाही. मग जो समाज एवढे सोडू शकला त्याला चहातला दुसरा चमचा का सुटू नये? आम्हाला याचे कारण असे दिसते की त्या अन्नात अपमान होता, म्हणून ते एका निर्धाराने फेकून देता आले. आजच्या गोडात मान आहे. मान असलेली वस्तू माणूस एका शपथेत फेकत नाही, आणि फेकली तरी चार दिवसांनी उचलतो. म्हणून येथे वाट वेगळी हवी. ती मात्रेची, थोडे थोडे कमी करण्याची, आणि एकट्याने न चालण्याची.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला या संदर्भातला भाग आपण फारसा आठवत नाही. राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना त्यांना मधुमेहाने घेरले होते. झोप लागत नसे, पायांत वेदना असत, इन्सुलिन चालू होते. सोबतीला वैद्यकीय ज्ञान असलेले आणि पथ्याचे जेवण सांभाळणारे माणूस हवे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. १९५४ साली काही महिने बाबासाहेब अंथरुणाला खिळून होते, दृष्टी अधू झाली होती. तशा अवस्थेत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून झाला, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा झाली, आणि त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय होते पासष्ट. हा आजार त्यांना जिभेच्या लालसेतून आला, असा अर्थ कोणी काढू नये. आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच की एवढ्या निर्धाराच्या पुरुषालाही पथ्य सांभाळायला दुसऱ्या माणसाची मदत लागली, आणि ती घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी तृष्णेच्या त्यागाला धम्माचे एक लक्षण म्हटले आहे. पण तेथेच हेही स्पष्ट केले आहे की बुद्धांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, आणि नीतीने मिळवलेल्या संपत्तीला ते नाके मुरडत नव्हते. त्यांचा आक्षेप हावेला होता. गोडाच्या बाबतीत हीच भूमिका घ्यावी. सिद्धार्थ गौतमाने उपासमारीची तपश्चर्या सोडली ती सुजाताची खीर स्वीकारून, आणि आपण बुद्धपौर्णिमेला खीरदान करतो ते त्याच आठवणीने. तेव्हा गोड हे पाप आहे, असे म्हणायला धम्मात आधार नाही. साखरेला दारूच्या रांगेत बसवून पाचव्या शीलात कोंबणारे काही उत्साही लोक आढळतात. आम्हाला तो अतिरेक वाटतो. विनयात तर तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे काकवी-गुळाचा प्रकार, ही पाच आजारी भिक्खूची औषधे म्हणून सांगितली आहेत. अट एवढीच की ती सात दिवसांपेक्षा अधिक काळ साठवून ठेवायची नाहीत. गोड औषधाच्या मापाने घ्यावे आणि त्याचा साठा करू नये, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच नियमात आल्या आहेत.

आता कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट. ती संयुत्त निकायात आहे आणि आमच्या विषयाला तिच्याइतकी जवळची दुसरी नाही. राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो असाच तुडुंब जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला रागावले नाही, पापाची भीती घातली नाही, उपासही सांगितला नाही. सावध राहून मिळालेल्या अन्नाचे माप जाणणाऱ्याच्या वेदना हलक्या होतात आणि त्याचे म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मला जेवण वाढले जाईल तेव्हा म्हणत जा. त्याबद्दल रोज शंभर कहापण देईन. अट्ठकथेत पुढचा तपशील येतो: राजाने शेवटचा घास उचलला की तरुण गाथा म्हणे, राजा तो घास खाली ठेवी, आणि त्या घासाइतके तांदूळ पुढच्या जेवणातून कमी केले जात. होता होता राजा नाळीभर भातावर आला, अंगाने सडसडीत झाला आणि हातापायांवरून हात फिरवीत बुद्धांचे उपकार आठवू लागला.

राजाने एकदम अर्धे जेवण टाकले नाही. एक घास कमी केला आणि तो कमीच ठेवला. दुसरे, आठवण करून देण्याचे काम त्याने स्वतःच्या मनावर सोपवले नाही, कारण खाण्याच्या क्षणी मन जिभेच्याच बाजूचे असते. त्यासाठी त्याने माणूस नेमला. रोज शंभर कहापण मोजावे लागत! आपल्याकडे हे काम घरची मंडळी फुकट करतात, म्हणूनच बहुधा आपण त्यांचे ऐकत नाही.

चहाला हीच रीत लावा. दोन चमच्यांवरून एकदम बिनसाखरेवर येऊ नका. पाव चमचा कमी करा आणि दोन-तीन आठवडे तेथेच थांबा. जिभेला सवय होते. नंतर पुन्हा पाव चमचा. काही महिन्यांनी जुना चहा कोणी हातात दिला तर तोच नकोसा गोड लागतो. साखरेऐवजी गूळ वापरला की भागले, असे समजणारे खूप आहेत. गुळाचाही बहुतांश भाग साखरच आहे, रक्तात तो साखरेसारखाच वागतो. गोळ्यांच्या गोडीबद्दल म्हणाल, तर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. गोळीने कप गोड राहतो आणि जिभेची मागणी तशीच राहते. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज उन्हाळ्यात नांदेड-लातुरात कोणाला थांबवत नाही? पण एका पेल्यातली साखर पाच-सहा चमच्यांहून कमी नसते. ऊस दातांनी सोलून खाल्ला तर निदान दमून माणूस थांबतो.

पुष्कळदा गोडाची ओढ ही खरी भुकेचीच ओरड असते. सकाळी नुसता चहा-बिस्किट, दुपारी घाईत दोन पोळ्या, की पाच वाजता मिठाईच्या दुकानाकडे पाय वळलेच. ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, एखादी पालेभाजी असे जेवण वेळेवर झाले तर ही पाच वाजताची ओढ निम्मी कमी होते. खिशात मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे असावेत. जेवणानंतर गोड हवेसे वाटणाऱ्यांनी बडीशेप चघळत शतपावली करून पाहावी. आणि साखर पोत्याने आणू नये. साखर कारखान्यांचा हा मुलूख. सभासदांना सवलतीची साखर मिळते आणि ती घरात दिसली की संपतेच. आपल्यातले पुष्कळ लोक सभासद नाहीत, ते ऊस तोडायला जातात, हा भाग वेगळा आणि त्यावर स्वतंत्र बोलले पाहिजे.

मग भुकेशिवाय येणारी जी ओढ उरते, तिच्यासाठी धम्माने दिलेले साधन आहे. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान, ही साखळी आपण परित्राणपाठानंतरच्या प्रवचनांत ऐकतो. पेढ्याचा डबा दिसला, तोंडाला पाणी सुटले, इथपर्यंत आपल्या हातात काही नाही. पाणी सुटणे आणि हात पुढे जाणे यांच्यामध्ये मात्र थोडी जागा असते. तेथे दहा मिनिटे थांबायचे. ओढ शरीरात कुठे जाणवते, वाढते आहे की ओसरते आहे, हे नुसते पाहायचे. बहुतेक वेळा ती ओसरते. ओसरली नाही तर अर्धा पेढा, बसून, सावकाश, चव घेत खावा. उभ्याने तीन पेढे तोंडात टाकणाऱ्याला पेढ्याची चवही मिळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याकडे. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने खेड्यापाड्यांतून मुले-मुली लातूर-नांदेडला येतात, खोली घेऊन राहतात, मेसचा डबा खातात. रात्री एकला अभ्यास रेटण्यासाठी चहा, क्रीमची बिस्किटे, थंड पेयाची बाटली हा आहार होतो. थंड पेयात शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत पाच चमच्यांहून अधिक. ती प्यायल्यावर तरतरी येते आणि थोड्या वेळाने अंग पुन्हा ढेपाळते, मग दुसरी बाटली. झोप कमी पडली की भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात. म्हणजे जागरणाने साखर मागायची आणि साखरेने जागरण लांबवायचे, असे चक्र चालते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचायला शिका. साखर तेथे लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनीही बसलेली असते. तुमच्या खोलीतही एक सुदर्शन नेमा. दोघांनी एकमेकांचे चहा मोजावेत. गावाकडून येताना आई लाडूंचा डबा देते, तो खोलीतल्या चौघांत वाटून खा. आईला नाही म्हणू नका.

ज्यांना मधुमेह आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांना एक गोष्ट निक्षून सांगतो. हे भाषण ऐकून उद्यापासून जेवण एकदम तोडू नका. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्याचा संकल्प अनेक उपासिका करतात. गोळी घ्यायची आणि जेवायचे नाही, याने रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलण्यात घोटाळा अशी लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. अशा वेळी शील मोडले म्हणून कोणी हळहळू नये. साखर तेव्हा औषध असते, विनयातल्या फाणितासारखी.

राहिला प्रश्न मानाचा. तो एकेका घराने सुटणारा नाही. पाहुण्याने ‘कमी साखर’ म्हटले तर यजमानाला लागते, आणि यजमानाने कमी साखर घातली तर पाहुण्याला तो कंजूष वाटतो. हे सर्वांनी मिळून ठरवले तरच जमते, जसे १९२७ नंतर ठरवले होते. म्हणून संस्थेपुढे आमची सूचना आहे. विहारातल्या कार्यक्रमात चहा बिनसाखरेचा करावा, साखरेची वाटी शेजारी ठेवावी, ज्याने त्याने आपल्या हाताने घालावी. कोणाला कमी लेखले, असे त्यात होत नाही. दहावी-बारावीच्या गुणगौरवात पेढ्यांच्या पुड्याऐवजी पुस्तक द्यावे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, ज्या दिवशी बहुधा तिळगूळही असतोच, या दिवशी गोड आनंदाने व्हावे. घरातही गोडाचा दिवस पौर्णिमेचा ठरवावा. महिन्यातून एकदा येणाऱ्या खिरीची मुले वाट पाहतील, रोजच्या खिरीची कोणी पाहत नाही.

येत्या आश्विन पौर्णिमेला वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमाआधी सकाळी विहारात रक्तातील साखरेची तपासणी ठेवावी, अशीही विनंती आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे अशा तरुणांनी ती अवश्य करून घ्यावी. तपासणी उपाशीपोटी असेल, म्हणून रक्त देणाऱ्यांनी सकाळचा चहासुद्धा घेऊन येऊ नये. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्या सकाळचे औषध कसे घ्यावे, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. खीर तपासणीनंतर मिळेल. साखर नेहमीपेक्षा पाव हिश्शाने कमी असेल आणि वाढायला लहान वाटी असेल.

नमो बुद्धाय. जय भीम.